मालवणच्या पाण्यात शेड मॅचिंग : प्रवाळ मोजणी शिबिर, पैसे वसूल की नाही?

आधी पैशाचं बोलते. माणशी साडेसात हजार. त्यात नागपुरातली शिकवणी, स्विमिंग पूलमधला सराव, मालवणातलं राहणं-जेवण, बोट आणि मास्क-स्नॉर्कल (पाण्यात तोंडात धरायची श्वासाची नळी) आलं. रेल्वेचं भाडं तुमचं तुम्ही. नुसतं पाण्यात डोकं घालून रंगीत मासे पाहायचे असतील तर मालवणात हे काम याच्या कितीतरी कमी पैशात होतं, वरून व्हिडिओही काढून देतात. तेव्हा सहल म्हणून जाणाऱ्यांनी इथेच थांबावं. हे मोजणीचं काम आहे, आणि मोजणी म्हणून मी त्याला पाचपैकी चार देते. एक कुठे कापला ते खाली येईलच.

संस्थेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तक्रारी आहेत, आणि पोरं मनापासून करून राहिली आहेत, उगाच नावानिशी बोभाटा नको. काम असं : तुमच्या-माझ्यासारख्या साध्या माणसांना प्रवाळांचा रंग नोंदवायला शिकवायचं, आणि दर हंगामात त्याच त्या प्रवाळांपाशी नेऊन ते सावरताहेत की खचताहेत याची नोंद ठेवायची. शास्त्रज्ञ मोजके, समुद्र मोठा, म्हणून हा उपद्व्याप.

माझं सीताबर्डीला मॅचिंग सेंटर आहे. ब्लाऊजपीस, अस्तर, फॉल-पिको. उभा जन्म शेड जुळवण्यात गेला. बाई पदराचं टोक पुढे करते आणि मी थप्पीतून टू बाय टू काढते. राणी, आमसुली, चिंतामणी, मोरपंखी, चटणी, डोळ्यांना वळण लागून गेलंय. भाची प्राणिशास्त्र शिकते. तिने माझं नाव परस्पर घातलं आणि वर म्हणाली, "मावशी, तिथे रंगच जुळवायचे आहेत. तुझ्याइतकं कोणाला जमणार?" पोहता येणं सक्तीचं नाही, लाइफ जॅकेट असतं, हे कळल्यावर मीही हो म्हटलं.

तर मुख्य वस्तू म्हणजे ते कार्ड. कोरल हेल्थ चार्ट म्हणतात. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाच्या कोरलवॉच प्रकल्पाने काढलेलं, २००२ पासून जगभर वापरात आहे. तळहातापेक्षा थोडं मोठं, पाण्यात न भिजणारं चौकोनी कार्ड. चार बाजूंना चार रंगांच्या पट्ट्या, त्यांना बी, सी, डी, ई अशी अक्षरं, आणि प्रत्येक पट्टीत सहा घरं. एक म्हणजे जवळजवळ पांढरं, सहा म्हणजे गडद. प्रवाळाचा सगळ्यात फिका भाग शोधायचा, कार्ड फिरवून फिरवून जुळणारं घर पाहायचं, पाटीवर लिहायचं : डी-दोन. मग सगळ्यात गडद भाग : डी-चार. सोबत प्रवाळाचा प्रकार. फांद्यांचा, गोळ्यासारखा, ताटासारखा की मऊ. झालं. एवढंच.

एवढंच वाटतं, पण शेडकार्ड म्हणून ते फार विचाराने केलंय, हे धंद्यातली बाई म्हणून सांगते. कंपन्या आम्हाला शंभर-शंभर शेडची कार्डं देतात आणि गिऱ्हाइकाचा नेमका एकशे एकावा रंग असतो. इथे चोवीसच घरं. माणूस गोंधळत नाही. रंग कोणता याला महत्त्व कमी, फिका किती आणि गडद किती याला जास्त. आणि त्याचं कारण शिकवणीत नीट समजावून सांगितलं, त्यासाठी शिकवणाऱ्या मुलाला पूर्ण गुण.

प्रवाळ हा प्राणी. पण त्याच्या अंगात एकपेशीय शैवाल राहतं. ते उन्हात अन्न करतं आणि त्यातलं बरंचसं प्रवाळाला देतं. प्रवाळाच्या गरजेचा ९० टक्क्यांपर्यंतचा भाग त्यातून भागू शकतो. तपकिरी, हिरवट, पिवळसर हा जो रंग आपल्याला दिसतो तो मुख्यतः या शैवालाचा. पाणी तापलं की ही भागीदारी मोडते, शैवाल बाहेर पडतं, आणि आतला पांढरा चुन्याचा सांगाडा पारदर्शक कातडीतून दिसायला लागतो. याला ब्लीचिंग म्हणतात. तापलं म्हणजे किती? नेहमीच्या कडक उन्हाळ्यातल्या पाण्यापेक्षा एखादा अंश जास्त, आणि तो काही आठवडे टिकला की पुरे. आम्ही पंचेचाळीस अंशांत कूलरला पाणी भरून धंदा करतो, त्यामुळे वर्गात पहिल्यांदा हसू आलं. मग हेही कळलं की पांढरा पडलेला प्रवाळ लगेच मेलेला नसतो. पाणी वेळेत निवलं तर शैवाल परत वसतं आणि रंग चढायला लागतो. म्हणजे आज दोन, पुढच्या हंगामात चार, हा त्या जिवाच्या सावरण्याचा हिशेब. त्याच प्रवाळात दोन घरांचा फरक पडला तर काहीतरी खरंच बदललंय असं धरतात. एका घराचा फरक नजरेचाही असू शकतो. ही सूट कार्ड करणाऱ्यांनी आधीच धरली आहे, हे मला फार आवडलं. आमच्याकडे कोणी धरत नाही. ब्लाऊज शिवून झाल्यावर येतात भांडायला.

शिकवणी धरमपेठेतल्या एका सभागृहात होती. पडद्यावर फोटो, हातात कार्ड, डोक्यावर ट्यूबलाइट. मला राहवेना. म्हटलं, भाऊ, ट्यूबलाइटखाली शेड पाहूच नये, दुकानाच्या पायरीवर उजेडात यावं. मुलगा शहाणा. म्हणाला, "काकू, बरोबर आहे. म्हणूनच पाण्यात कार्ड प्रवाळाच्या अगदी शेजारी धरायचं. जो उजेड प्रवाळावर, तोच कार्डावर. पाण्यात लाल रंग सगळ्यात आधी नाहीसा होतो, पण तो दोघांचाही होतो." हे पटलं. फोटो काढून घरी मोबाइलवर रंग जुळवू, असं म्हणणारे दोघे-तिघे वर्गात होते, ते गप्प झाले. घरच्या प्रिंटरवर कार्ड छापून घेऊ म्हणणाऱ्याला मीच गप्प केलं. शाई बदलली की शेड बदलली.

पूलमधला सराव थोडक्यात : चांगला, पण मास्क वाईट. एकाच मापाचे, सिलिकॉन कडक झालेले. माझ्या गालाची हाडं वर आहेत, सारखं पाणी शिरायचं. मिशीवाल्यांचे त्याहून हाल, कारण केसांवर मास्क बसतच नाही. एका काकांनी दुसऱ्या दिवशी मिशी काढली म्हणे. शक्य असेल तर स्वतःचा मास्क घ्या. पट्टा न लावता चेहऱ्यावर ठेवून नाकाने श्वास आत ओढा. मास्क न पडता चिकटून राहिला तर तो तुमचा. चाळिशी लागलेल्यांनी घाबरू नये. पाण्यात मास्कच्या काचेतून वस्तू साधारण तिसऱ्या हिश्श्याने मोठ्या आणि चौथ्या हिश्श्याने जवळ दिसतात, मला कार्डावरची अक्षरं चष्म्याशिवाय वाचता आली. ही सोय कोणी जाहिरातीत लिहीत नाही.

नागपूरहून मडगावला जाणारी गाडी आहे, कुडाळला उतरायचं. प्रवास लांबचा, पाठ मोडते. चिवडा आणि संत्राबर्फी नेली होती ती पनवेलच्या आतच संपली.

मालवणात पोचल्यावर या लोकांचा खरा कस दिसला. वेळ ओहोटीची धरतात. किल्ल्याच्या बाजूच्या खडकांवर पाणी तेव्हा कमरेएवढं असतं आणि आडवं तरंगत हात खाली केला की कार्ड प्रवाळाशेजारी जातं. फिन्स, म्हणजे पायात घालायचे रबरी पंख, देत नाहीत, कारण नवशिक्याची एक लाथ म्हणजे प्रवाळाचं कित्येक वर्षांचं नुकसान. गोळ्यासारखे काही प्रवाळ वर्षाला सेंटिमीटरच्या आसपास वाढतात. फुटबॉलएवढा गोळा दिसला की माझ्या दुकानाचं वय आठवायचं. उभं राहायचं नाही, हात टेकायचा नाही, शिंपलासुद्धा उचलायचा नाही. सगळे दगडी प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघ ज्या यादीत आहे त्याच. ताडोब्याच्या लोकांना हे एका वाक्यात कळलं. सनस्क्रीनलाही बंदी, पूर्ण बाह्यांचे कपडे घालून उतरायचं. मला तेच बरं वाटलं.

मालवणचं समुद्री अभयारण्य १९८७ चं, २९ चौरस किलोमीटरच्या आसपास, त्यातला गाभा जेमतेम ३ चौरस किलोमीटर. अंदमान-लक्षद्वीपच्या फोटोंसारखी प्रवाळांची जंगलं इथे डोक्यात घेऊन येऊ नये. खडकांना चिकटून पसरलेले, गोलमटोल, मेंदूसारख्या वळ्यांचे तुकडे आहेत, मधे समुद्री शेवाळाची झुडपं. पाणीही आरस्पानी नाही. पहिल्या दिवशी तर वारा होता आणि हाताच्या पुढे धूसर. अशा वेळी संस्थेचा नियम असा की नीट दिसत नसेल तर रकान्यात "दिसलं नाही" लिहायचं, अंदाज लिहायचा नाही. त्या दिवशी आमच्या पाटीवर निम्म्या ठिकाणी तेच होतं. काही लोक नाराज झाले, एवढ्या लांबून येऊन हे काय म्हणून. मला उलट त्याच दिवशी या लोकांवर भरवसा बसला. नाही ते आहे म्हणून लिहिलेला माल दोन धुण्यांत उघडा पडतो.

दुसऱ्या दिवशी पाणी निवळलं. त्यांच्याकडे जुन्या फोटोंची लॅमिनेट केलेली वही आहे. प्रत्येक प्रवाळाचा फोटो, त्यावरच्या भेगा, शेजारचा खडक. आधी ओळख पटवायची, मग रंग. एकाच प्रवाळाचं दोघांनी एकमेकांना न सांगता वाचन घ्यायचं, बोटीवर येऊन ताडायचं. माझे जोडीदार बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. माझं सी-दोन, त्यांचं सी-चार. पुन्हा पाण्यात. पुन्हा तेच. तिसऱ्या प्रवाळावरही त्यांचं माझ्यापेक्षा गडदच. मग माझ्या लक्षात आलं. हे गृहस्थ हळवे, त्यांना प्रवाळ बरे झालेले हवे होते. गिऱ्हाईक असंच करतं : लग्न उद्यावर आलं की जी शेड हातात आहे ती जुळतेच असं तिला दिसायला लागतं. मी त्यांना सांगितलं, भाऊ, जुळणारं घर आधीच शोधू नका, आधी कार्डावरची दोन घरं ठरवा, एक नक्की जास्त फिकं आणि एक नक्की जास्त गडद, मग मधे या. दुकानात मी असंच करते. त्यांचं वाचन सुधारलं. शिकवणाऱ्या मुलाने ही युक्ती वहीत लिहून घेतली. पैसे परत नाही दिले, पण सोलकढीचा एक ग्लास जास्तीचा आला.

कार्डाचा खरा फसवा भाग वेगळाच आहे आणि तो शिकवणीत दहा मिनिटांत उरकला, तिथे अर्धा तास द्यायला हवा होता. प्रवाळ मेला की त्याच्या सांगाड्यावर थोड्याच दिवसांत साधं शेवाळ चढतं. लांबून पाहिलं तर छान तपकिरी-हिरवट, कार्डाला लावलं तर डी-पाच. म्हणजे मेलेल्याला उत्तम तब्येतीचा दाखला. ओळखायचं कसं? जिवंत प्रवाळावर बारीक वाट्यांची नक्षी स्वच्छ दिसते, कडा रेखीव असतात. मेलेल्यावर लव आल्यासारखं धुरकट दिसतं आणि पाणी हाललं की ती लव हालते. पोत पाहायचा, नुसता रंग नाही. कापडातही तेच, रुबिया आणि टेरीकॉट एकाच शेडचे असले तरी बोटाला कळतं, फक्त इथे बोट लावायची सोय नाही. दुसरी गोष्ट फांद्यांच्या प्रवाळांची : त्यांची वाढती टोकं मुळातच पांढरी असतात, तिथलं वाचन घेऊन आजारी ठरवायचं नाही. आणि काही प्रवाळांवर गुलाबी डाग दिसतात, आमच्या गटातल्या मुली फोटो काढायला धावल्या. ते सौंदर्य नाही, जखमेला किंवा परजीवीला दिलेलं उत्तर असू शकतं. कार्डावर गुलाबी घर नाही. शेऱ्यात लिहायचं.

आणि कार्ड कारण सांगत नाही, हे पक्कं लक्षात ठेवावं. फिका पडला एवढं सांगेल. उष्णतेने, गाळाने की कशाने, ते बाकीच्या नोंदींवरून लावायचं. उष्णतेची बाजू दुसरे लोक सांभाळतात : हैदराबादची इन्कॉइस ही संस्था २०११ पासून उपग्रहाच्या तापमानावरून ब्लीचिंगचे इशारे देते, आणि अमेरिकेच्या नोआ या समुद्र-हवामानाच्या सरकारी संस्थेने १५ एप्रिल २०२४ ला जगातली चौथी जागतिक ब्लीचिंगची घटना जाहीर केली. आधीच्या १९९८, २०१० आणि २०१४ ते २०१७ च्या. पण उपग्रहाला पाणी तापलेलं दिसतं, किल्ल्यामागचा तो एक भेगाळलेला गोळा सावरला का हे दिसत नाही. त्यासाठी कोणीतरी कार्ड घेऊन जायलाच लागतं.

उष्णतेशिवायचं नुकसान मात्र डोळ्यांदेखत दिसलं. आमच्यापासून थोड्या अंतरावर हौशी पर्यटकांची बोट लागली. लोक पाण्यात उतरले, ब्रेडचे तुकडे टाकून मासे गोळा करणं सुरू, आणि दमले की खडकावर उभे. खडक म्हणजे प्रवाळ. आमच्या बोटीवरचे तांडेल, म्हणजे बोट चालवणारे, ओरडले, "पाय टेकू नकात!" कोण ऐकतं. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २०२० मध्ये मालवणातल्या हौशी डायव्हिंगमुळे प्रवाळांना होणाऱ्या इजेवर शोधनिबंध लिहिलाय, हे भाचीने बोटीवरच सांगितलं. पर्यटनावर त्या गावाची चूल पेटते, मी काही बंद करा म्हणणार नाही. पण तिकिटासोबत पाच मिनिटं बोलायला काय जातं? आमच्या शिबिरात तेच बोलणं संध्याकाळभर झालं आणि एकाचाही पाय खडकाला लागला नाही.

आता कापलेला एक गुण. मास्कचा अर्धा. उरलेला अर्धा निकालाचा. नोंदींची फाइल ईमेलवर आली, आली तीही बरीच रखडून, आणि सगळी इंग्रजीत. आमच्यातल्या निम्म्या लोकांनी उघडली नसेल. त्याहून वाईट म्हणजे तांडेलांना ती कोणी दिलीच नाही. तो माणूस लहानपणापासून त्या खडकांवर आहे, कुठला गोळा कधी पांढरा पडला होता हे त्याने बोटीवर न विचारता सांगितलं, आणि त्याच्या हातात एक कागद नाही. मी संस्थेला लिहिलं की एक पान मराठीत करा, प्रवाळाचा फोटो, मागचा आकडा, आताचा आकडा, बस. जेट्टीवर तिकीटघरापाशी लावा. उत्तर आलं की पुढच्या हंगामात करतो. मराठीतला मजकूर तपासून द्याल का, असंही विचारलं. देईन म्हटलंय.

जेवण घरगुती, बांगडा ताजा. शाकाहारींची आबाळ होते, भाचीच्या मैत्रिणीने दोन्ही वेळा उसळ आणि सोलकढीवर काढलं. सावजीची सवय असणाऱ्यांनी तिखटाची पुडी न्यावी. खोल्या स्वच्छ, पण वाळूचं पाणी बाथरूमपर्यंत येतंच.

जायचं असेल तर डिसेंबर-जानेवारीची तुकडी मागा, पाणी त्यातल्या त्यात स्वच्छ असतं. पावसाळ्यात सगळं बंद. पैसे भरण्याआधी नागपूरच्या शिकवणीला नुसतं बसू देतात, बसून पाहा. रंगांधळेपण असेल तर आधी सांगा, त्यांना माशांच्या मोजणीचं काम देतात. आणि परतीचं तिकीट जातानाच काढा. आम्हाला वेटिंगवर कुडाळ स्टेशनात बसावं लागलं, शेवटी पनवेलपर्यंत बसने आलो.